डबा, तार आणि नऊ आकडे

मुंबई किंवा न्हावाशेव्याकडे येणारं मोठं कंटेनर जहाज उघड्या समुद्रात २० नॉटच्या आसपास चालतं, म्हणजे मिनिटाला ६०० मीटरहून जास्त. त्याच पाण्यात रात्री जाळं सोडून पडलेली १५ मीटरची लाकडी किंवा फायबरची बोट असते. ट्रॉलर असेल तर वर हिरवा नि खाली पांढरा, दुसऱ्या जाळ्यांची असेल तर वर तांबडा नि खाली पांढरा असे तिचे दिवे. नियमाप्रमाणे ते दोन सागरी मैलांवरून दिसले की पुरे. तेवढं अंतर कापायला त्या जहाजाला सहा मिनिटं लागतात. एवढ्यात पहाऱ्यावरच्या माणसाने दिवा ओळखायचा, बोट कुठल्या बाजूला सरकतेय ते ताडायचं, आणि शेकडो मीटर लांबीच्या धुडाने वळायला लागायचं. रडार मदतीला असतं, पण लाकूड आणि फायबर रडारच्या लहरी फारशा परतवत नाहीत. समुद्र खवळलेला असला की लाटांकडून परतणाऱ्या लहरींच्या गर्दीत ती बारीकशी खूण दिसेनाशी होते.

एआयएस, म्हणजे ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम, हा त्यावरचा उपाय. आपल्याला कोणीतरी शोधून काढेल याची वाट न बघता बोट स्वतःच सांगत राहते: मी कोण, आत्ता कुठे, कुठल्या दिशेला, किती वेगाने. हे सगळं व्हीएचएफ रेडिओवरून जातं आणि आसपासच्या प्रत्येक जहाजाच्या पडद्यावर त्रिकोणाच्या खुणेने उमटतं. दुसऱ्यांचे त्रिकोण आपल्यालाही दिसतात. यंत्र दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. पैसे मोजले की मिळतं, दोन स्क्रूंवर बसतं, आणि हिरवा दिवा लागला की मालकाला वाटतं काम झालं. खरं काम तिथून पुढे असतं. हा डबा जे सांगेल ते समोरचा जहाजवाला खरं मानून चालणार आहे. ते खरं असेल की नाही हे डबा बनवणाऱ्यापेक्षा बसवणाऱ्यावर जास्त अवलंबून आहे. म्हणून इथे यंत्राच्या गुणवर्णनापेक्षा तारा आणि आकडे यांनाच जास्त जागा देतो.

आधी थोडा इतिहास. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि त्यानंतर अमेरिकेत त्या भागातल्या टँकरांनी आपली जागा स्वतःहून किनाऱ्याला कळवत राहावी असा नियम आला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये हाकान लान्स या संशोधकाने एकाच रेडिओ वाहिनीवर अनेकांनी मध्यस्थाशिवाय पाळीपाळीने बोलण्याची पद्धत मांडली. पुढे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ही कल्पना उचलली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या आणि देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना, तसंच सगळ्या प्रवासी जहाजांना एआयएस बंधनकारक झालं. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांसाठी ती सक्ती २००४ सालाअखेर अमलात आली.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळीच निकड मिळाली ती २६ नोव्हेंबर २००८ ला. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट अतिरेक्यांनी समुद्रात ताब्यात घेतली आणि ती मुंबईच्या तोंडाशी येईपर्यंत कोणाला शंका आली नाही. हजारो बोटींमध्ये एक बोट कोण ओळखणार? त्यानंतर नोंदणी, रंगसंगती, ओळखपत्रं हे सगळं कडक झालं आणि २० मीटरहून लांब मासेमारी बोटींना एआयएस सक्तीचं झालं. किनाऱ्यावरच्या ७४ दीपगृहांवर एआयएस ऐकणारी केंद्रं उभी राहिली. बोटमालकांच्या मनात मात्र हे यंत्र तेव्हापासून ‘पोलिसांचं’ म्हणूनच बसलं आहे. ते आपल्याच जिवासाठी आहे हे पटवायला अजूनही वेळ लागतो, आणि त्याला कारणंही आहेत. त्यावर नंतर बोलू.

आता आत काय चालतं ते. एआयएसच्या दोन वाहिन्या आहेत, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. प्रत्येक वाहिनीवरच्या एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा २६.६७ मिलिसेकंदांचा, आणि त्यात २५६ बिट मावतात. एका बोटीचा जागा-वेग-दिशेचा निरोप एवढ्यात बसतो. कोणी कुठला तुकडा घ्यायचा हे ठरवणारा मुकादम नाही. चाळीतल्या सार्वजनिक नळावर बायका हंडे रांगेत ठेवून जातात तसं मोठ्या जहाजाचं यंत्र आपला निरोप देतानाच पुढची पाळी कुठली घेणार तेही जाहीर करतं. सगळे ऐकतात आणि तो तुकडा सोडून आपापला निवडतात. साध्या छोट्या यंत्राकडे हंडा ठेवायची मुभा नसते. ते नळाशी येऊन बघतं, कोणी भरत नसेल तर पटकन आपली कळशी भरून घेतं, गर्दी असेल तर थांबतं.

हा फरक खरेदी करताना महत्त्वाचा ठरतो. मोठ्या जहाजांवरचं यंत्र ‘क्लास ए’. ते १२.५ वॉटवर बोलतं आणि चालू जहाजावरून दर दोन ते दहा सेकंदांनी निरोप देतं. छोट्या बोटींसाठी ‘क्लास बी’, आणि त्यात दोन पोटजाती. जुनी आणि स्वस्त जात २ वॉटची, वर सांगितलेली नळ मोकळा बघून भरणारी. वेग दोन नॉटच्या वर असेल तर ती ३० सेकंदांनी बोलते, त्याखाली तीन मिनिटांनी. नवी जात ५ वॉटची. तिला हंडा ठेवता येतो आणि वेगात असताना ती पाच सेकंदांपर्यंतही खाली उतरते. सात-आठ नॉटने जाणाऱ्या ट्रॉलरला त्या पाच सेकंदांचा उपयोग नाही, पण जादा वॉट आणि गर्दीतली हक्काची पाळी यांचा नक्की आहे. मुंबईसारख्या बंदराच्या तोंडाशी काम असेल तर मी तरी ५ वॉटचंच घ्यायला सांगेन.

डबा केबिनमध्ये कोरड्या जागी बसवावा, होकायंत्रापासून लांब. किती लांब ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. इंजिनाच्या उष्णतेपासून आणि डिझेलच्या वाफेपासूनही दूर ठेवावा. याहून जास्त डब्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

अँटेना मात्र मनापासून समजून घ्यायला हवा. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आड येते. अंतराचा ठोकताळा असा: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि २.२३ ने गुणायचं, की सागरी मैलांत अंतर मिळतं. आपला अँटेना चार मीटरवर आणि जहाजाचा तीस मीटरवर असेल तर हे अंतर सोळा मैलांच्या पुढे जातं. दोन छोट्या बोटींचे अँटेना दोन-दोन मीटरवर असतील तर जेमतेम सहा मैल. तेच चार-चार मीटरवर नेले तर नऊच्या जवळ. म्हणजे उंचीचा खरा फायदा दोन छोट्या बोटींना एकमेकींना बघताना होतो. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. दोन वॉटमध्ये प्रत्यक्षात पाच ते दहा मैल धरून चालावं. पाच मैल मिळाले तरी सुरुवातीच्या त्या वीस नॉटवाल्या जहाजाला सहाच्या जागी पंधरा मिनिटं मिळतात.

इथे एक मोह होतो: बोटीवर वायरलेसचा अँटेना आहेच, त्यालाच जोडून टाकू. सरळ दुफाटा करून दोन्ही यंत्रं एका अँटेनावर लावली तर एकाचं प्रक्षेपण दुसऱ्याच्या नाजूक रिसीव्हरमध्ये घुसून ते जाळू शकतं. एकच अँटेना वापरायचा तर एआयएससाठी बनवलेला स्प्लिटर मध्ये हवा. त्यात वायरलेसला अग्रक्रम असतो, म्हणजे तांडेल बोलत असेपर्यंत एआयएस गप्प. बंदरात शिरताना बोलणं सगळ्यात जास्त होतं, आणि नेमकी तेव्हाच आपली खूण शिळी होते. शिवाय अँटेना एक आणि तो मोडला की दोन्ही बंद. म्हणून वेगळा अँटेना केव्हाही बरा. तो १६२ मेगाहर्ट्झसाठी जुळवलेला असावा, कारण वायरलेसचे अँटेना १५६.८ च्या, म्हणजे १६ नंबरच्या वाहिनीच्या आसपास जुळवलेले असतात. या वारंवारतेची तरंगलांबी १.८५ मीटर आहे, त्यामुळे अर्ध्या लहरीचा अँटेना एक मीटरच्या आतबाहेर असतो. दुकानदार जास्त ‘गेन’चा लांबलचक अँटेना पुढे करतो. तो शक्ती चपटी करून क्षितिजाकडे फेकतो. उभ्या स्थिर मनोऱ्यावर ते छान. लाटेवर डावी-उजवीकडे कलणाऱ्या बोटीवर तीच चपटी शक्ती एकदा पाण्यात आणि एकदा आभाळात जाते. लहान बोटीला तीन डेसिबलच्या आसपासचा साधा अँटेना जास्त कामाचा.

जहाजांसाठीची मार्गदर्शक सूचना म्हणते की दोन व्हीएचएफ अँटेना एकाच पातळीवर असतील तर त्यांच्यात दहा मीटर अंतर हवं, एकाच्या बरोबर वर दुसरा असेल तर दोन मीटर पुरतं. पंधरा मीटरच्या बोटीवर दहा मीटर कुठून आणणार? पण उभा अँटेना वर आणि खाली फार कमी प्रक्षेपण करतो, म्हणूनच वरखाली बसवायला तिथे परवानगी आहे. डोलकाठीच्या टोकाला एक आणि शक्य तितका खाली, लांब आडव्या दांड्यावर दुसरा, ही तडजोड बऱ्याच ठिकाणी जमते. जाळं ओढायची दोरी ज्या बाजूने फिरते ती बाजू मात्र टाळा.

आणि तार. अँटेनापर्यंत जाणारी कोअ‍ॅक्स केबल म्हणजे पैसे वाचवायची पहिली जागा, आणि चुकीची. बारीक आरजी-५८ केबल या वारंवारतेला पंधरा मीटरमध्ये साधारण तीन डेसिबल खाते. तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. दोन वॉटच्या यंत्राचा एक वॉट तारेतच गरम होऊन जातो, आणि आत येणाऱ्या निरोपांचंही तेच होतं. जाड आरजी-२१३ घेतली तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ पाऊण शक्ती शिल्लक राहते. तारेत आतली तांब्याची जाळी कल्हई केलेली असेल तर उत्तम. खाऱ्या हवेत नुसतं तांबं हिरवं पडतं आणि तो हिरवा थर आतल्या आत सरकत जातो. कनेक्टरला डाग नीट द्यावा, त्यावर स्वतःशी चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी, आणि केबिनमध्ये शिरण्यापूर्वी तारेला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून वाहत येऊन भोकातून आत न जाता खाली ठिबकतं. बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतोच. तो कनेक्टरच्या आत साठलेल्या चमचाभर पाण्यात असतो.

अँटेना जोडल्याशिवाय यंत्राला वीज देऊ नका. बोलायला निघालेली शक्ती बाहेर जायला वाट न मिळाल्याने परत आत येते आणि शेवटच्या टप्प्याचे भाग तापतात. नवी यंत्रं स्वतःला वाचवतात, सगळी नाही.

जीपीएसचा अँटेना वेगळा. क्लास बीच्या यंत्राला स्वतःचं जीपीएस लागतंच, पडद्यावरच्या दुसऱ्या जीपीएसवर ते विसंबत नाही. जागा कळल्याशिवाय ते सहसा प्रक्षेपण सुरूच करत नाही. जीपीएसचा दुसरा उपयोग घड्याळाचा आहे. २६.६७ मिलिसेकंदांच्या पाळ्या सगळ्यांनी एकाच क्षणापासून मोजल्या तरच जमतात, आणि तो क्षण उपग्रहांकडून येतो. या अँटेनाला उंची नको, मोकळं आभाळ हवं. डोलकाठीच्या टोकाला बसवला तर बोट हेलकावते तसा तोही झुलतो, आणि नांगरावर उभी असलेली बोट पडद्यावर अर्धा-एक नॉटने इकडेतिकडे चालताना दिसते. केबिनच्या छपरावर, रडारच्या झोतात न येणारी जागा बरी.

वीज फारशी लागत नाही. सरासरी तीनेक वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर पाव अँपिअर. चोवीस तासांत बॅटरीतून सहा अँपिअर-अवरच्या आसपास. पण बोलण्याच्या क्षणी यंत्र क्षणभर मोठा घोट घेतं. बारीक आणि लांब तार असेल तर तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. इंजिनाचा स्टार्टर फिरवतानाही तेच. म्हणून तार बॅटरीच्या पेटीतून थेट, पुस्तिकेत सांगितलेल्या फ्यूजसह घ्यावी. केबिनमधल्या पंख्याच्या तारेला जोडून मोकळं होऊ नये.

एलईडी दिव्यांची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आत वीज वेगाने चालू-बंद करणारी छोटी सर्किटं असतात आणि त्यांची कुरकुर व्हीएचएफ पट्ट्यात पसरते. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, फक्त एआयएसचा पल्ला घटतो. २०१८ साली अमेरिकी तटरक्षक दलाने याबद्दल सुरक्षा इशाराच काढला. त्यातली तपासणी कोणालाही करता येईल. दिवे बंद करून वायरलेस शांत वाहिनीवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) इतका कमी करा की खरखर ऐकू येईल, मग तो खरखर थांबेल तेवढाच वाढवा. आता दिवे लावा. खरखर परत आली तर दिवेच गुन्हेगार. अशा वेळी मालक नवा अँटेना विकत आणायला निघतो. त्याआधी दोनशे रुपयांचा दिवा बदलून बघावा. हाच नियम मोबाइल चार्जर आणि इन्व्हर्टरलाही.

आता आकडे. एमएमएसआय हा नऊ आकडी क्रमांक म्हणजे बोटीची रेडिओवरची ओळख. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४१९. रेडिओ परवान्याबरोबर सरकारी यंत्रणेकडून तो मिळतो, आणि बोटीच्या वायरलेसमध्ये संकटाच्या बटणामागे जो क्रमांक आहे तोच एआयएसमध्येही हवा. बहुतेक क्लास बी यंत्रांत तो मालकाला एकदाच भरता येतो, नंतर कुलूप लागतं आणि बदलायचा तर यंत्र उत्पादकाकडे किंवा विक्रेत्याकडे पाठवावं लागतं. हे त्रासदायक वाटतं, पण मुद्दाम केलेलं आहे; दर आठवड्याला ओळख बदलणाऱ्या बोटींवर कोण भरवसा ठेवेल? त्यामुळे भरताना दोघांनी मिळून भरा, एकाने वाचा, दुसऱ्याने टाइप करा. शेजारच्या बोटीचा क्रमांक ‘तात्पुरता’ टाकला तर पडद्यावर एकच बोट दोन ठिकाणी उड्या मारताना दिसते. संकटात हाक दिली तर मदत भलत्याच नाखव्याच्या घरी फोन करते. विशिष्ट आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक राखीव आहेत: ९७० म्हणजे जीवरक्षक तराफ्यावरचं यंत्र, ९७२ म्हणजे पाण्यात पडलेला माणूस, ९७४ म्हणजे बुडत्या जहाजाचा बिकन. आपल्या पडद्यावर यांपैकी काही दिसलं तर जाळं सोडून तिकडे वळायचं असतं.

बोटीचं नाव वीस अक्षरांपर्यंत, फक्त मोठ्या रोमन अक्षरांत. नोंदणीच्या कागदावर जे स्पेलिंग आहे तेच द्यावं. एकवीरा आणि जय मल्हार नावाच्या बोटी किनाऱ्यावर किती असतील याची कल्पना करा; म्हणूनच वायरलेसवर नावासोबत नोंदणी क्रमांक सांगायची सवय चांगली.

मग येतात चार मापं, आणि बहुतेकजण ती अंदाजाने ठोकून देतात. जीपीएस अँटेनापासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत किती, मागच्या टोकापर्यंत किती, डाव्या कडेपर्यंत किती, उजव्या कडेपर्यंत किती. मोजायचं ते अँटेनापासून, केबिनपासून किंवा डोलकाठीपासून नाही. पहिल्या दोन मापांची बेरीज बोटीची लांबी, पुढच्या दोघांची रुंदी. पंधरा मीटरच्या बोटीत पुढचं-मागचं उलटं पडलं तर समोरच्याला सहसा पत्ताही लागणार नाही. पण तीनशे मीटरच्या जहाजाने हीच चूक केली तर पडद्यावरचं त्याचं नाक खऱ्या जागेपासून दोनशे मीटर मागे दिसू शकतं. सवय एकाच प्रकारची असावी, म्हणून आपलंही नीट मोजा.

बोटीचा प्रकार निवडताना मासेमारीसाठी ३० हा संकेत आहे. इथे क्लास बीची एक मर्यादा कळते, आणि माझ्या मते ती या यंत्रातली सगळ्यात गैरसोयीची आहे. क्लास ए जहाज आपली अवस्था कळवू शकतं: इंजिनवर चालू आहे, नांगरावर आहे, मासेमारीत गुंतलंय. क्लास बीच्या निरोपात अवस्थेची जागाच नाही. म्हणजे तुमच्या मागे दोन मैल जाळं पाण्यात आहे की तुम्ही रिकाम्या बोटीने घरी चालला आहात, हे यंत्राला सांगता येत नाही. ३० वरून समोरचा एवढंच ताडू शकतो की ही मच्छीमार बोट आहे, जपून जावं. बाकीचं काम अजूनही दिव्यांचं आणि वायरलेसचं.

नाळेचं तोंड कुठे आहे हेही क्लास बी सहसा सांगत नाही, कारण त्याला होकायंत्र जोडलेलं नसतं. ते फक्त जीपीएसवरून बोट कुठे सरकतेय ते सांगतं. जाळ्यावर पडून प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या बोटीचा हा बाण त्यामुळे गरगर फिरताना दिसतो. कोणी वायरलेसवर विचारलं तर गोंधळू नका. यंत्र ठीक आहे.

सगळं भरून झाल्यावर तपासणी. पहिलं यश म्हणजे दुसऱ्यांच्या खुणा दिसणं, पण त्यावरून फक्त ऐकण्याची बाजू कळते. बोलण्याची बाजू तपासायला शेजारच्या एआयएसवाल्या बोटीला विचारा. आधी तिला नुसता नऊ आकडी क्रमांक दिसेल, नाव नाही. यंत्र नाव-माप वगैरे दर सहा मिनिटांनीच पाठवतं, त्यामुळे इतका वेळ वाट बघावी लागते. मोबाइलवरच्या जहाज दाखवणाऱ्या ॲपमध्ये नाही दिसलात तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. ती ॲप किनाऱ्यावरच्या केंद्रांनी ऐकलेलं दाखवतात, आणि तुमच्या खाडीतून कुठलंच केंद्र ऐकत नसेल. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचा आकडा मिळतो. तो एकला जितका जवळ तितकं चांगलं. तीनच्या पुढे गेला तर पुन्हा कनेक्टर उघडा.

पडद्यावर धडकेचा इशारा किती अंतराला आणि किती मिनिटं आधी द्यायचा ते आपल्या कामाप्रमाणे लावावं लागतं. कारखान्यातून आलेल्या आकड्यांवर ठेवला तर ससून डॉकच्या तोंडाशी तो सतत वाजत राहील, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याचा आवाज कायमचा बंद करून टाकेल. उघड्या समुद्रासाठी एक मांडणी, बंदरासाठी दुसरी.

बोलायचं बंद करायचं बटणही बहुतेक यंत्रांना असतं. त्यामागचं कारण तांडेलाला विचारलं तर तो हसतो. मासा कुठे लागला हे शेजाऱ्याला कशाला सांगायचं? ही भीती खोटी नाही. एआयएसवरून दुसऱ्याची जागा हेरणं शक्य आहे. मग बटण दाबून बोट पडद्यावरून नाहीशी होते, आणि नेमक्या त्या जागी जहाजांची वाट असली तर त्या वाटेवरच्यांच्याही पडद्यावरून. अमेरिकी नौदलालाही हा धडा महागात पडला. जून २०१७ मध्ये जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ या विनाशिकेची एका कंटेनर जहाजाशी धडक झाली तेव्हा ती एआयएसवर बोलत नव्हती. त्यानंतर गर्दीच्या पाण्यात युद्धनौकांनी एआयएस चालू ठेवावं असा आदेश निघाला.

उलट बाजूही सांगायला हवी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजं धडकली, शेकडो कंटेनर पाण्यात गेले आणि तेल किनाऱ्याला लागलं. दोन्ही एआयएस सक्तीचं असण्याच्या आकाराची. यंत्र दिसायला मदत करतं, वळायचं माणसालाच असतं. शिवाय ते जीपीएसवर विसंबून आहे, आणि जीपीएसला फसवता येतं: जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात अनेक जहाजांचं जीपीएस त्यांना किनाऱ्यापासून आत एका विमानतळावर दाखवत होतं. मोठ्या जहाजांच्या पडद्यावर गर्दीत लहान खुणा ‘झोपवून’ ठेवण्याची सोयही असते. आपला त्रिकोण तिथे आहे म्हणजे तो कोणी बघतंय असं धरू नका.

त्यात भर जाळ्यांच्या बोयांची. जाळं शोधायला सोपं जावं म्हणून एआयएसवर बोलणारे स्वस्त बोये विकले जातात आणि ते बोटीसारखेच क्रमांक वापरून बोटीसारखे दिसतात. एका जाळ्याच्या दहा बोयांनी पडद्यावर दहा बोटींचा ताफा उभा राहतो. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने अशा साधनांना १६०.९ मेगाहर्ट्झची वेगळी वाहिनी आणि १०० मिलिवॅटची मर्यादा दिली, पण जुने बोये समुद्रात आहेतच. तुमच्याकडे असतील तर ते विकू नका, मोडीत काढा.

भारतात आता दुसरं एक यंत्रही बोटींवर येतंय आणि दोन्हींची गल्लत होते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली: १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख मासेमारी बोटींवर ३६४ कोटी रुपये खर्चून ट्रान्सपाँडर. हे यंत्र इस्रोने घडवलेल्या तंत्रावर चालतं आणि उपग्रहामार्फत किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी बोलतं. वादळाचा इशारा बोटीकडे येतो, संकटाचा निरोप किनाऱ्याकडे जातो, सागरी सीमेजवळ गेल्यास सूचना मिळते. डहाणू-तलासरीकडचे कित्येक खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. त्यांच्या घरच्यांना ही सूचना काय मोलाची आहे ते सांगायला नको. हे यंत्र व्हीएचएफच्या पल्ल्याबाहेरही चालतं. पण जवळून जाणाऱ्या जहाजाच्या पडद्यावर तुमची खूण उमटायची असेल तर व्हीएचएफवरचं एआयएसच लागतं. एक किनाऱ्याशी बोलतं, दुसरं शेजाऱ्याशी. उपग्रहाचा अँटेना केबिनवर बसवताना एआयएसच्या जीपीएसवर त्याची सावली पडत नाही ना, एवढं बघा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचे दोन महिने बोट किनाऱ्यावर शाकारलेली असते. त्या काळात अँटेना उतरवून ठेवणारे थोडे, आणि कनेक्टरची तोंडं बंद करणारे त्याहून थोडे. नारळी पौर्णिमेआधी बोट पाण्यात लोटण्याच्या गडबडीत एक तास यासाठी काढावा: कनेक्टर उघडून बघा, आत हिरवट थर दिसला तर खरवडत बसू नका, तारेचं टोक हातभर कापून नवा कनेक्टर लावा. परत येणाऱ्या शक्तीचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा, म्हणून तो केबिनच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवावा. आणि पावसाळ्यात बोट विकली गेली असेल, यंत्र तिच्यासोबत किंवा सुटं गेलं असेल, तर आधी त्यातला नऊ आकडी क्रमांक उत्पादकाकडून पुसून घ्या. नाहीतर ऑगस्टमध्ये तुमच्या नावाने दुसरंच कोणीतरी मासेमारी करत असेल, आणि चौकशीचा फोन तुम्हाला येईल.